चौदा वर्षं उभी असलेली येझदी: आधी काय खोलायचं?

कराडजवळच्या एका गावातून प्रश्न आलाय. थोडक्यात असा: वडिलांची १९८६ची येझदी रोडकिंग मोटरसायकल चौदा वर्षं पडवीत उभी आहे. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. घरी पत्र्याची शेड आहे, पान्यांचा सेट आहे, रविवार मोकळा असतो. सगळी गाडी खोलून आधी चासी (गाडीचा लोखंडी सांगाडा) पावडर कोटिंगला, म्हणजे भट्टीत भाजून बसवायच्या रंगाला, द्यायची आणि मग इंजिनाकडे वळायचं असा विचार आहे. हातात चाळीस हजार आहेत. पुढच्या गणपतीत आईला त्याच गाडीवरून चिपळूणला मामांकडे न्यायचंय. टाकीवर वडिलांनी पेंटरकडून ‘आईसाहेब’ लिहून घेतलेलं आहे, ते राखता येईल का?

मी कोल्हापुरात घरामागच्या शेडमध्ये वीसेक वर्षं जावा-येझदीच करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही विचारलंय की आधी रंग की आधी इंजिन. माझ्या मते खरी अडचण त्याच्याही आधीची आहे. घरी सुरू केलेल्या बहुतेक गाड्या बिघाडामुळे अडत नाहीत, खोलल्यामुळे अडतात. एका रविवारी उत्साहात सगळी गाडी सुटी होते. फोटो निघतात, खोकी भरतात. मग पावसाळा येतो, घरात लग्न निघतं, आणि वर्षभराने खोकं उघडलं की हा स्पेसर पुढच्या चाकाचा की मागच्या, तेच आठवत नाही. माझी पहिली जावा मी अशीच एका दिवसात खोलली आणि ती रस्त्यावर यायला तीन वर्षं गेली. त्यातलं निम्मं काम मी विसरलेलं पुन्हा शोधण्याचं होतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: गाडी जोडलेली आहे तोवर ती बरंच काही सांगते. सुटी केली की गप्प होते. आधी तिच्याकडून सगळं काढून घ्या, मग पान्याला हात घाला.

सुरुवात कागदांपासून. आरसी काढा आणि चासीवर ठोकलेला नंबर व क्रँककेसवरचा (इंजिनाच्या खालच्या पेटीवरचा) इंजिन नंबर त्याच्याशी अक्षर-अक्षर जुळवा. गंज असेल तर डिझेलचा बोळा आणि पितळी ब्रश वापरा, पॉलिश पेपर नको. नंबर वाचता आला की त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घ्या आणि फाइलला लावा. आरटीओत तपासणीच्या वेळी अशीच छाप लागते. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण, तेव्हा तुमची मुदत बहुधा संपलेली असणार. नूतनीकरणाला फॉर्म २५ आणि वडिलांच्या पश्चात गाडी वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो. मुदत संपल्याचा दंड आणि पर्यावरण कर किती होतो ते तुमच्या आरटीओत आधीच विचारा, कारण तोही तुमच्या चाळीस हजारांतूनच जाणार आहे. कोणी ‘व्हिंटेजमध्ये टाका’ असं सुचवलं तर त्या फंदात पडू नका. २०२१च्या नियमाप्रमाणे त्यासाठी पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली लागतात. शिवाय ती गाडी प्रदर्शन, रॅली अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. आईला घेऊन चिपळूणला जाणं त्यात बसत नाही.

पावडर कोटिंगबद्दल एक अनुभव सांगतो. एक चासी मी ब्लास्टिंग करून (वाळूच्या माऱ्याने जुना रंग-गंज उडवून) कोटिंगला दिली होती. परत आली ती सुंदर, पण नंबराचे खड्डे भरून सपाट झालेले. नखाला नुसती लाट लागत होती. तो थर उतरवून नंबर पुन्हा दिसेपर्यंत माझे दोन महिने गेले. तेव्हापासून नंबराची जागा मी स्वतः टेपचे चार थर लावून झाकतो आणि तेवढी पट्टी नंतर हाताने रंगवतो.

आता इंजिन. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ ते १९९६ या काळात ही इंजिनं बनवली. मूळ रचना चेकोस्लोव्हाकियाच्या जावाची: २५० सीसी टू-स्ट्रोक, एक सिलिंडर आणि दोन सायलेन्सर. २०१८ नंतर आलेल्या नव्या जावा आणि २०२२च्या नव्या येझदीचं इंजिन पूर्ण वेगळं, फोर-स्ट्रोक आहे. त्यांच्या शोरूममध्ये तुमच्यासाठी स्पेअर नाहीत, तिकडे हेलपाटा मारू नका.

प्लग काढा. भोकातून दोन चमचे डिझेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण सोडा आणि चार दिवस विसरून जा. मग गाडी मेन स्टँडवर घ्या, चौथा गिअर टाका आणि मागचं चाक हाताने हळूच पुढे-मागे हलवा. किक मारू नका. या गाडीत किकचा आणि गिअरचा दांडा एकच आहे. अडकलेल्या पिस्टनवर उभं राहून किक मारली की आतली दातेरी यंत्रणा तुटते, आणि मग जे इंजिन कदाचित नुसतं रिंगांवर भागलं असतं ते पूर्ण खोलावं लागतं. चाक हलवताना पिस्टन अगदी सुतभर जरी हलला तरी अर्धी लढाई जिंकली. रोज थोडं तेल, थोडं हलवणं. एका गाडीला मी अकरा दिवस दिले आणि बाराव्या दिवशी ती कुरकुर न करता फिरली. पंधरा दिवसांतही हलला नाही तर हेड काढा, ब्लॉकवर (सिलिंडरवर) उकळतं पाणी ओता आणि पिस्टनच्या डोक्यावर लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोका. पण असा गच्च गंजलेला निघाला तर क्रँकची (पिस्टनच्या वर-खाली चालीने फिरणाऱ्या दांड्याची) बेअरिंगही गंजलेली असणार हे धरून चाला. ते इंजिन सुरू करून बघायचं नाही, सरळ खोलायचं.

पिस्टन मोकळा झाला असेल तर उजवीकडचं कव्हर उघडा. तिथे क्रँकच्या टोकावर बसवलेला भाग बोटांनी धरून वर-खाली हलवा. फिरणं वेगळं, खडखडणं वेगळं. वर-खाली हललेलं जाणवलं की मेन बेअरिंग गेली. पॉइंटची (प्लगला ठिणगी देण्यासाठी उघडझाप करणाऱ्या खटक्याची) गॅप मोजून पुन्हा तसंच हलवा. गॅप बदलत असेल तर तोच निकाल पक्का, आणि असं असताना टायमिंग (ठिणगीची वेळ) कितीही बसवलं तरी ते टिकणार नाही. डावीकडचं गिअर ऑइल एका पांढऱ्या वाडग्यात काढा. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. चमचमणारा बारीक चुरा थोडा असेल तर चालतो, पण नखात पकडता येईल असा तुकडा निघाला तर गिअरबॉक्स उघडावीच लागेल.

आता टू-स्ट्रोकमधली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट: ऑइल सील, म्हणजे क्रँकच्या दोन्ही टोकांवरच्या रबरी कड्या. फोर-स्ट्रोकवर हात बसलेले मेकॅनिक इथेच फसतात. या इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये शिरतं, तिथे दाबलं जातं आणि मग वर सिलिंडरमध्ये जातं. म्हणजे क्रँककेस ही नुसती पेटी नाही, तो पंप आहे, आणि पंपाला भोक चालत नाही. डावं सील गेलं की इंजिन गिअर ऑइल ओढतं, पांढरा धूर थांबता थांबत नाही, प्लग सारखा ओला होतो. उजवं सील गेलं की बाहेरची हवा शिरते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), रेस आपोआप चढते, इंजिन तापतं आणि एक दिवस पिस्टन धरतो, म्हणजे ब्लॉकमध्ये अडकून बसतो. लोक कार्ब्युरेटर बदलतात, जेट बदलतात, कॉइल बदलतात, आणि दोष मात्र एका स्वस्तातल्या रबराच्या कडीत असतो. चौदा वर्षांनी ते रबर लाकडासारखं कडक झालेलं असतं. तुमच्या गाडीची सीलं बदलायचीच आहेत, त्यात दुमत नाही. प्रश्न फक्त त्याच वेळी क्रँकही करायचा का, एवढाच आहे.

इंजिन बांधल्यावर सील नीट बसलंय का हे घरच्या घरी तपासता येतं. डॉक्टरांकडचं रक्तदाब मोजायचं जुनं यंत्र मिळवा, फुगा आणि काटा असलेलं. जुन्या प्लगची चिनीमाती फोडून काढा आणि रिकाम्या बॉडीत नळी घट्ट बसवा. कार्ब्युरेटरच्या तोंडावर रबर आणि पट्टी कसा, दोन्ही एक्झॉस्टच्या तोंडांत सायकलची ट्यूब गुंडाळलेले लाकडी बुच ठोका. पिस्टन अगदी खाली आणा, म्हणजे वरचा आणि खालचा भाग आतून जोडला जातो. मग फुगा दाबून काटा ३००वर न्या. तो दाब साधारण ०.४ बार होतो, या कामाला पुरेसा. पाच मिनिटं काटा जागेवर राहिला तर तुमचं इंजिन हवाबंद आहे. उतरला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडा शोधा. आधी स्वतःचे बुच तपासा, बहुतेक वेळा गळती तिथेच असते. ही अर्ध्या तासाची चाचणी मी कधीच टाळत नाही, कारण नंतर रस्त्यावर शोधायला दोन महिने लागतात.

बेअरिंग ठीक निघाल्या तर खोलण्याआधी गाडी एकदा दोन मिनिटं सुरू करून ऐका. टाकीतलं जुनं पेट्रोल वापरू नका. सलाइनसारखी बाटली वर टांगा, त्यात ताजं पेट्रोल आणि लिटरला ४० मिली टू-टी ऑइल (पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-स्ट्रोकचं तेल). प्लग नवा, पॉइंट घासून साफ, कार्ब्युरेटर धुतलेला. रेस आपोआप चढायला लागली तर चावीवर विसंबू नका, कार्ब्युरेटरच्या तोंडावर तळहात घट्ट दाबा. खालून घरघर आली तर मेन बेअरिंग. रेस देताना ठक-ठक आली तर कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग. थंड असताना टणटण आणि तापल्यावर कमी झाली तर पिस्टन-ब्लॉक ढिले. सगळं लिहून ठेवा. दोन मिनिटांच्या वर चालवू नका.

यानंतर खोला, पण एका वेळी एकच भाग. आज इंजिन, ते परत चासीत बसल्यावर पुढचा शॉकअप, मग मागचं चाक. बोल्ट काढला आणि भाग सुटला की बोल्ट त्याच भोकात दोन आटे परत लावून ठेवा. पिशव्या आणि चिठ्ठ्यांपेक्षा हे शंभर पटींनी पक्कं. इंजिनच्या कव्हरचे सपाट खाचेचे स्क्रू साध्या स्क्रूड्रायव्हरने ओरबाडू नका, हातोडीने ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या. क्लच आणि रोटरला त्यांचा पुलर (ओढून काढायचं हत्यार) लागतो. पुलरऐवजी दोन स्क्रूड्रायव्हर लावून उचकटलेलं ॲल्युमिनिअम परत सरळ होत नाही. बेअरिंग बसवतानाही हातोडी नको. रिकामी क्रँककेस जुन्या ओव्हनमध्ये गरम करा. पाण्याचा थेंब टाकला की चर्रकन उडाला पाहिजे, तेवढी. बेअरिंग आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवा. मग बेअरिंग नुसतं हातातून सोडलं की ‘टक्’ करून आपल्या जागी बसतं. हा आवाज पहिल्यांदा ऐकाल तेव्हा मला आठवा.

काही कामं घरी करू नका. क्रँक दाबून बसवणं आणि सेंटरवर डायल लावून सरळ करणं हे शतांश मिलिमीटरचं काम आहे, त्याला प्रेस आणि सवयीचा हात लागतो. ब्लॉकला बोअर मारणं (सिलिंडर आतून कोरून मोठा करणं), क्रोम, आऱ्या बांधून रिम सरळ करणं हेही बाहेरच. तुम्हाला कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर जवळ आहे, तिथे इंजिन कामाची मोठी परंपरा आहे. फक्त क्रम लक्षात ठेवा: आधी पिस्टन विकत घ्या आणि तोच पिस्टन ब्लॉकसोबत द्या. मूळ माप ६५ मिमी, पुढचे पाव-पाव मिलिमीटरने मोठे मिळतात. आज बाजारात येणाऱ्या पिस्टनचं माप दर वेळी छापल्याप्रमाणे असतंच असं नाही, म्हणून कारागिराने हातातला पिस्टन मोजून बोअर करावा. जुने मूळ भाग हवे असतील तर बुधवार-रविवारी पुण्याचा जुना बाजार पालथा घाला, पण क्रँककेस बदलू नका. इंजिन नंबर तिच्यावर आहे.

सायलेन्सरही तपासा. आतला बॅफल (आवाज दाबणारी नळी) काढला की काजळीचा दगड झालेला दिसेल. कॉस्टिक सोड्यात रात्रभर ठेवून साफ करता येतो, हातमोजे आणि चष्मा घालून. पण सोडा ॲल्युमिनिअमच्या कुठल्याही भागाला लावू नका, तो धातू खातो. ब्रेकच्या ड्रममधली जुनी धूळ फुंकर मारून उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या कापडाने पुसा. वायरिंगला हात लावण्याआधी गाडी ६ व्होल्टची आहे की १२ची ते पाहा आणि बल्ब, हॉर्न, कॉइल त्याच मापाचे घ्या. टायर, ट्यूब, केबली, ब्रेक शू नवे. इथे पैसे वाचवू नका, मागे आई बसणार आहे.

आता रंग आणि ‘आईसाहेब’. रंग सगळ्यात शेवटी. गाडी जुन्या, विटलेल्या रंगातच पूर्ण बांधा आणि तीन-चारशे किलोमीटर चालवा. कुठे तरी एखादा ब्रॅकेट वेल्ड करावा लागतो, कुठे पेट्रोल गळतं, कुठे पाना निसटतो. हे सगळं नव्या रंगावर झालं की जीव तुटतो. तुमच्या बजेटमध्ये माझा हिशेब असा: निम्मे पैसे इंजिनसाठी बाजूला काढा, पाव भाग चाकं-ब्रेक-केबलींना, उरलेले आरटीओ आणि अडल्या-नडल्याला. यात क्रोम आणि संपूर्ण रंग बसत नाही. क्रँकचं काम निघालं तर अजूनच ताण येईल. पण सुरक्षित चालणारी गाडी बसते, आणि चिपळूणला तीच जाणार आहे.

टाकीचा बाहेरचा रंग मी अजिबात काढला नसता. ती अक्षरं ज्या पेंटरने ब्रशने काढली, त्याच्या हाताचं वळण स्टिकरवाला परत आणू शकत नाही. रबिंग कंपाउंड घेऊन, अक्षरांची कड सोडून, मऊ कापडाने मळ काढा आणि वर मेण लावा. आतला गंज काढायला ॲसिड ओतू नका, झाकणाशी सांडलं तर रंग जातो. धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवून टाकी भरा. झाकणाच्या भोकातून साध्या लोखंडाची सळई टाकीला कुठेही न टेकता मध्यभागी लोंबकळत ठेवा. स्टेनलेस स्टील नको, त्यातून विषारी क्षार सुटतात. १२ व्होल्टच्या चार्जरचं धन टोक सळईला, ऋण टोक टाकीच्या उघड्या धातूला. उलटं लावलं तर टाकीच खाल्ली जाईल, दोनदा पाहून घ्या. टाकीत पेट्रोलचा वासही उरलेला नको, आणि हे काम अंगणात, कारण हायड्रोजन निघतो. विडी-काडी लांब. दिवसभराने सळईवर गंजाचा लाल चिखल जमलेला दिसेल. मग धुवा, वाळवा आणि ताबडतोब आतून तेलाचा हात फिरवा. उघडं लोखंड तासाभरात पुन्हा तांबडं होतं.

हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढतं. पेट्रोलची नळी आणि कॉकची वायसरं त्याला टिकतील अशी नवी घाला, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवा.

नवा पिस्टन बसवला असेल तर पहिले ५०० किलोमीटर लिटरला ५० मिली ऑइल, एकट्याने, एका वेगात न चालवता. दर वीस-पंचवीस किलोमीटरला थांबून इंजिन गार होऊ द्या. आई त्यानंतर बसतील. आणि कुंभार्ली घाटाबद्दल एक गोष्ट, कारण तुम्हाला जाताना तो उतरायचाच आहे. या इंजिनाला तेल पेट्रोलमधूनच मिळतं. उतारावर रेस बंद करून गाडी गिअरमध्ये सोडली की चाकं इंजिन जोरात फिरवतात, पण पेट्रोल जवळजवळ बंद, म्हणजे तेलही बंद. पिस्टन कोरडा घासतो. म्हणून वेग ब्रेकवर ठेवा, दोन-तीन वळणांमागे क्लच दाबून रेस एकदा मोकळी द्या, आणि ड्रम तापल्याचा वास आला तर कडेला घेऊन दहा मिनिटं थांबा. हेळवाकचा चहा घाट सुरू होण्याआधीच घ्या, म्हणजे इंजिन थंड करून उतारावर घालता येईल.